चढणीला मिसिंग आणि गर्दीत गिअरबॉक्सचा धक्का : ऑक्टाव्हिया आरएस २३०

चिंचवडकर_२३०

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे. १९८४ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि मीटरवर ८१,००० किलोमीटर. गाडी मी चार वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली आणि तेव्हापासून तिला जीव लावून सांभाळली आहे. इंजिनाचा मॅप (त्याच्या संगणकातले प्रोग्रॅमिंग) कंपनीचाच आहे, रीमॅप केलेला नाही, आणि एअर फिल्टरपासून सायलेन्सरपर्यंत सर्व काही मूळचेच आहे.

गेल्या दीड महिन्यापासून दोन तक्रारी एकदमच सुरू झाल्या आहेत. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ लागला आणि तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पाय जरा जोरात दाबला, की अडीच ते साडेतीन हजार आरपीएमच्या दरम्यान गाडी मिसिंग मारल्यासारखे झटके देते. पाय सैल केला की झटके थांबतात. सपाट रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने निवांत चालवली तर काहीही जाणवत नाही, आणि सकाळी थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होऊन अगदी सुरळीत चालते. मागच्या रविवारी मात्र चढावर चेक इंजिनचा दिवा चार-पाच वेळा लुकलुकला आणि मग विझला.

दुसरी तक्रार गिअरबॉक्सची आहे. हिंजवडीच्या गर्दीत गाडी रांगत असताना दुसऱ्यातून पहिला गिअर पडतो, तेव्हा मागून कोणी हलकेच ढुशी मारावी तसा धक्का बसतो. गाडी थंड असताना तो बसत नाही. अर्धा तास गर्दीत घालवल्यावर हमखास बसतो.

ज्या खाजगी गॅरेजात मी गेली दोन वर्षे काम करून घेतो, तिथल्या मुख्य मेकॅनिकने गाडीची एक फेरी मारली आणि मेकाट्रॉनिक (डीएसजीचे क्लच आणि गिअर चालवणारा नियंत्रक भाग) गेले आहे, दोन्ही गोष्टी त्याच्यामुळेच होत आहेत, असे सांगून टाकले. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. स्कॅनर लावला होता, पण कोड कोणते आले ते मला दाखवले नाहीत. याच गॅरेजात चौदा महिन्यांपूर्वी स्पार्क प्लग बदलले होते आणि डीएसजीचे ऑइलही.

एवढा मोठा भाग बदलण्याआधी साध्या साधनांनी काय काय तपासता येईल, आणि दोन्ही लक्षणे खरोखरच एका कारणाची असू शकतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

टॉर्क_रेंच, नाशिक

नमस्कार. मेकाट्रॉनिकला आत्ता कोणालाही हात लावू देऊ नका. दोन तक्रारी एकाच महिन्यात लक्षात आल्या म्हणून त्यांचे मूळ एकच असेल असे नाही, आणि तुमच्या वर्णनावरून मला ती दोन स्वतंत्र प्रकरणे वाटतात. इंजिन आणि गिअरबॉक्स आधी एकमेकांपासून वेगळे काढा, मग एकेकाकडे पाहू.

त्यासाठी पहिली खूण आरपीएमच्या काट्यात मिळते. शेजारी कोणाला तरी बसवा आणि चढावर झटका बसतो त्या क्षणी मोबाईलवर काट्याचे चित्रीकरण करायला सांगा. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतो, इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग मात्र होता तिथेच राहतो. सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत असेल तर काटा थरथरतो किंवा किंचित खाली बसतो, पण आरपीएम आणि वेग यांचे नाते सुटत नाही, कारण गिअरबॉक्सने इंजिनाला घट्ट धरूनच ठेवलेले असते. तुम्ही 'मिसिंग मारल्यासारखे' हा शब्द वापरला आहे, आणि माझ्या अनुभवात गाडी रोज चालवणाऱ्याच्या तोंडी आपसूक आलेला शब्द बहुधा बरोबर निघतो.

दुसरी खूण त्या लुकलुकणाऱ्या दिव्याची आहे. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटून राहणे आणि लुकलुकणे यांत मोठा फरक आहे. तो लुकलुकतो तेव्हा इंजिनाचा संगणक असे सांगत असतो, की ज्वलन इतक्या वेळा चुकते आहे की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटेल आणि त्याला निकामी करील. मेकाट्रॉनिकच्या बिघाडाने हा दिवा असा लुकलुकत नाही. म्हणून कारण सापडेपर्यंत चढावर पाय जोरात दाबून 'पुन्हा होते का ते पाहू' असा प्रयोग करू नका. निदानासाठी एक-दोन वेळा, काही सेकंद, तेवढे पुरे.

झटके फक्त जोर दिल्यावरच का येतात, हे समजून घेतले तर शोध बराच आवरता येतो. टर्बो इंजिनात पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा कोंबून भरली जाते. प्लगच्या फटीतला वायू जितका दाट, तितका ठिणगीला ती फट ओलांडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागतो. सपाट रस्त्यावर निवांत चालताना अशक्त कॉइलही (प्लगला व्होल्टेज पुरवणारा भाग) वेळ मारून नेते, पण चढावर मागणी वाढली की वीज फटीतून उडी मारण्याऐवजी दुसरी सोपी वाट शोधते : कॉइलच्या रबरी बुटातून, प्लगच्या चिनी मातीवरून, जिथे इन्सुलेशन कच्चे सापडेल तिथून ती इंजिनाच्या धातूत उतरते. त्या वेळी सिलिंडरमध्ये ठिणगी पडतच नाही. शिवाय या इंजिनाला कमाल टॉर्क, म्हणजे ३५० न्यूटन मीटर, दीड हजारापासून साधारण साडेचार हजार आरपीएमपर्यंत मिळतो, आणि तुमचे झटके नेमके त्याच पट्ट्यात आहेत.

याउलट, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते तेव्हा त्रास बहुधा सकाळी, थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात दिसतो. इंजिन आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असताना) अडखळते आणि गरम झाल्यावर सुधारते. तुमच्याकडे चित्र नेमके उलटे आहे. त्यामुळे कोणी व्हॉल्व्हची सफाई करून घ्या म्हणाले तर तूर्त नको म्हणा.

आता काम. ओबीडी अ‍ॅडॉप्टर (गाडीच्या संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) लावून बिघाडाचे कोड स्वतः वाचा आणि लिहून ठेवा. पी०३०० म्हणजे कुठल्या तरी सिलिंडरांत विखुरलेले मिसफायर (चुकलेले ज्वलन). पी०३०१ ते पी०३०४ यांतला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो, आणि तो क्रमांक टायमिंग चेनच्या बाजूने मोजायचा. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन या स्कॅनर प्रणालींपैकी काही हाताशी असेल तर प्रत्येक सिलिंडरचा मिसफायरचा मोजणीआकडाही चालत्या गाडीत दिसतो. एकच सिलिंडर दोषी निघाले तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा आणि पुन्हा मोजा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब. जागीच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, असे खाली उतरत जा. कॉइल उपसताना ती सरळ वर ओढा, आणि कनेक्टरची प्लॅस्टिकची खिटी जपा. उष्णतेने ती बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते.

चारही सिलिंडर थोडे थोडे चुकत असतील तर मात्र प्लगकडे न जाता हवा आणि इंधन यांकडे वळा. इंजिन आयडलला असताना वरचे ऑइलचे झाकण उघडून पाहा. ते आतून ओढून धरल्यासारखे घट्ट बसले असेल आणि कुठून तरी बारीक शिट्टी ऐकू येत असेल, तर क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या भागातल्या) वाफा खेचणाऱ्या पीसीव्ही झडपेचा पडदा फाटलेला आहे. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजच्या सांध्यांवर तेलकट ओल दिसली तर तिथून दाबाची हवा गळते आहे. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती) शून्याच्या आसपास असायला हवा. तो अधिक दहाच्या पुढे गेला असेल तर इंजिनात मोजमापाबाहेरची हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे.

गिअरबॉक्सबद्दल माझ्यापेक्षा चांगले सांगणारे इथे आहेत, त्यांची वाट पाहतो.

---

शिरोली_फिटर, कोल्हापूर

नमस्कार. नाशिककरांनी इंजिनाचे सांगितले आहे, त्यात बदल करण्यासारखे काही नाही. मी गिअरबॉक्सवर लिहितो. हेच काम गेली अकरा वर्षे हाताने करतो आहे आणि यात होणारी एक चूक मला फार खटकते.

तुमच्या गाडीत डीक्यू२५० हा सहा गिअरचा डीएसजी आहे. त्याचे दोन्ही क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, म्हणून त्याला ओला क्लच म्हणतात. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीबद्दल जे ऐकले असेल ते याला जसेच्या तसे लावू नका. हे यंत्र टिकाऊ आहे, पण त्याचे सगळे कारभार एकाच ऑइलवर चालतात : क्लच दाबणारा दाब तेच ऑइल देते, क्लच थंड तेच ठेवते, आणि गिअरच्या दात्यांना वंगणही तेच. त्यामुळे ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि त्याबरोबर फिल्टर बदलणे अनिवार्य आहे. घाटात आणि शहरातल्या गर्दीत गाडी फिरत असेल तर मी ५०,००० लाच बदलतो.

आता ती चूक. बहुतेक ठिकाणी मेकॅनिक जुने ऑइल काढतो, बाटल्या मोजून नवीन ओततो, नट आवळतो आणि गाडी देऊन टाकतो. ऑइल बदलताना साधारण पाच लिटरच्या वर बसते हे खरे आहे, परंतु किती बसले यापेक्षा पातळी कुठे आली हे महत्त्वाचे आहे, आणि ती पातळी एका ठरावीक तापमानालाच पाहावी लागते. खालचा ड्रेन नट उघडला की आत एक प्लॅस्टिकची उभी नळी असते. पहिल्यांदा जेमतेम थोडे ऑइल येते, कारण नळीच्या तोंडावरचे तेवढेच बाहेर पडते. ८ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने ती नळी काढली की उरलेले सगळे धो धो येते. ही नळीच पुढे मोजपट्टीचे काम करते. नवीन ऑइल भरताना नळी परत बसवायची, ऑइल भरायचे, गाडी लिफ्टवर अगदी सपाट ठेवून इंजिन सुरू करायचे, ब्रेक दाबून धरून प्रत्येक गिअर काही सेकंद निवडायचा, आणि मग स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान पाहत थांबायचे. ते ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये आले, की इंजिन चालूच ठेवून नट उघडायचा. नळीतून थेंब थेंब पडू लागले तर पातळी बरोबर. धार लागली तर ती थेंबांवर येईपर्यंत सोडायची. काहीच आले नाही तर ऑइल कमी आहे.

पातळी कमी असेल तर गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच ही चूक पचून जाते. पण गर्दीत क्लच अर्धवट घसरत राहतात, ऑइल तापते, पातळ होते, आणि दाब जिथे अगदी नाजूकपणे सोडायला हवा तिथे, म्हणजे नेमका दुसऱ्यातून पहिल्यात येताना, धक्का बसतो. थंड असताना धक्का नाही आणि अर्ध्या तासाने आहे, हे तुमचे वाक्य वाचून मला सर्वांत आधी पातळीचाच संशय आला. तुम्ही दिलेल्या माहितीत ऑइल बदलल्याचे आहे, पातळी कशी पाहिली ते नाही. गॅरेजवाल्यांना एवढेच विचारा, की ऑइल किती अंशांवर असताना नट उघडला होता. उत्तर देताना ते गोंधळले तर समजून जा.

पातळी बरोबर केल्यावर व्हीसीडीएसमधून गिअरबॉक्सचे बेसिक सेटिंग करून घ्या आणि त्यानंतर ॲडॅप्टेशनची फेरी मारा, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायाने सगळे गिअर वर-खाली काही वेळा बदलू द्या. क्लच किती दाबाला पकडतो हे संगणक त्यात नव्याने शिकतो. हे सगळे करूनही धक्का राहिला, तर मग मेकाट्रॉनिकचे बोलू.

एक गोष्ट सवयीचीही आहे. गर्दीत पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायचे, ही सवय डीएसजीला मानवत नाही. पुढे एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून क्लच पूर्ण पकडेल इतके चला. आणि चढावर थांबताना अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. हाफ क्लचवर गाडी धरण्याचे काम तिथे तुमचा पाय करत नसला तरी आतले क्लच ते करतच असतात.

---

चोर्ला_उतरण, फोंडा

या दोन्ही उत्तरांना मी माझ्या गाडीची एक नोंद जोडतो, कारण क्लच खरोखर घसरतो तेव्हा कसे वाटते हे मी अनुभवले आहे आणि ते प्रश्नकर्त्याच्या वर्णनाशी जुळत नाही.

माझी गाडी याच इंजिनाची आणि याच गिअरबॉक्सची आहे, पण मी तिचा इंजिनाचा मॅप बदलून घेतला होता आणि गिअरबॉक्सचा तसाच ठेवला होता. डीक्यू२५० मुळात ३५० न्यूटन मीटरच्या आसपासच्या टॉर्कसाठी घडवलेला आहे, आणि माझे इंजिन त्याच्या बरेच वर गेले होते. काही महिन्यांनी चोर्ला घाटात पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला तेव्हा आरपीएमचा काटा एकदम तीन-चारशेने वर गेला, गाडी मात्र जिथल्या तिथे, आणि मग जणू काही मागून कोणी दोरी ताणावी तशी ती सावकाश पकड घेत पुढे निघाली. झटका एकही नाही, दिवा एकही नाही. ते लक्षण म्हणजे क्लच घसरणे. मी मॅप परत मूळचा केला, ऑइल बदलले, आणि क्लच जास्त झिजण्याआधीच थांबलो म्हणून वाचलो.

ज्यांना रीमॅप करायचाच आहे त्यांनी प्लगची फटही लक्षात ठेवावी. मूळ मॅपवर ती ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या दरम्यान असते. दाब वाढवल्यावर तीच फट ठिणगीला जड जाते आणि ती थोडी कमी करावी लागते. पेट्रोलही मॅप ज्या ऑक्टेनसाठी लिहिला आहे तेच भरावे. हे सांगितले जात नाही आणि मग कॉइल बदलत बसावे लागते.

---

चिंचवडकर_२३०

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. काय काय झाले ते क्रमाने सांगतो, कारण मधेच मी पुरता गोंधळलो आहे.

चित्रीकरण केले. काटा वर चढत नाही, थरथरतो. कोड पी०३०३ आणि पी०३०० असे दोन आले. मोजणीत तिसऱ्या सिलिंडरचा आकडा चढावर भराभर वाढत होता आणि बाकी तिन्ही शून्यावर होते. ऑइलचे झाकण सहज निघाले, शिट्टी नाही, ट्रिम अधिक दोन. इथपर्यंत सगळे सरळ होते.

मग तिसऱ्याची कॉइल पहिल्याला आणि पहिल्याची तिसऱ्याला लावली. अपेक्षा अशी होती, की दोष एकतर सरकेल किंवा जागीच राहील. प्रत्यक्षात आता पहिला आणि तिसरा, दोन्ही चुकू लागले आहेत! तिसऱ्याचा आकडा आधीपेक्षा कमी आहे, पण शून्य नाही, आणि पहिला नव्याने यादीत आला. मी काही जोडताना चुकलो का?

---

टॉर्क_रेंच, नाशिक

तुम्ही काहीही चुकलेला नाहीत, उलट या प्रयोगाने फार मोलाची माहिती दिली. गाडी थंड होऊ द्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बाहेर काढा. त्याची जळणारी बाजू नंतर पाहा. आधी वरची पांढरी चिनी माती चांगल्या उजेडात, शक्य असल्यास भिंगाखाली, गोल फिरवून पाहा. नंतर मूळच्या तिसऱ्या कॉइलचा रबरी बूट टॉर्चच्या उजेडात आतून पाहा.

माझा अंदाज असा आहे. प्लगच्या चिनी मातीला तडा गेला किंवा तिच्यावर मळ बसला, की वीज तिच्या पृष्ठभागावरून खाली उतरते आणि जाताना कार्बनची रेघ उमटवते. तीच रेघ समोरच्या रबरावर, आरशात दिसावी तशी, आतून उमटते. म्हणजे प्लगही बिघडलेला असतो आणि त्याच्यावर बसणारा बूटही. अशा वेळी कॉइल हलवली की बिघडलेला बूट पहिल्याच्या चांगल्या प्लगवर जातो आणि तिथे वीज गळू लागते. बिघडलेल्या प्लगवर चांगला बूट येतो म्हणून तिसऱ्याचा त्रास कमी होतो, पण संपत नाही. तुमचे आकडे याच्याशी तंतोतंत जुळतात.

असे निघाले तर दोन्ही एकदम बदला. नुसता प्लग बदललात तर जुन्या बुटातली रेघ नव्या प्लगवर काही दिवसांत तीच वाट पाडेल. पहिल्याचा प्लगही काढून पाहा. आता त्याच्यावर तो बूट बसून गेला आहे.

बसवताना प्लग आधी हाताने, नुसत्या सॉकेटने, शेवटपर्यंत फिरवत न्या म्हणजे आटे तिरके बसणार नाहीत, आणि मग वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा. सॉकेट विहिरीत सरळ उभे राहायला हवे. ते तिरके झाले की सगळा जोर चिनी मातीवर येतो, आणि तिला जाणारा तडा त्या वेळी दिसतही नाही, ऐकूही येत नाही.

---

चिंचवडकर_२३०

अठरा दिवसांनी लिहितो आहे, कारण खंबाटकी तीन वेळा चढून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

प्लग काढला. खालची बाजू अगदी निरोगी होती, फिकट तपकिरी, फट ०.७५. वरच्या बाजूला, षट्कोनी नटाच्या कडेला लागून, केसासारखा बारीक तडा होता. तो नखाला लागत होता, पण डोळ्याला पहिल्यांदा दिसला नाही. त्या तड्यापासून वरच्या टोकापर्यंत एक काळी रेघ गेलेली होती, टोकदार पेन्सिलीने ओढावी इतकी सरळ. बोटाने घासली, पेट्रोलने पुसली, निघाली नाही. मग बूट टॉर्चने पाहिला, तर आत तशीच रेघ, त्याच लांबीची, कडेला किंचित राखाडी. पहिल्याच्या प्लगवरही त्याच जागी धुरकट सुरुवात झालेली होती. चारही प्लग आणि तिसऱ्याची कॉइल बदलली, स्वतःच्या हाताने, टॉर्क रेंच उसना आणून. आता चारही मोजण्या शून्य आहेत. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबून खंबाटकी चढलो आणि गाडी पूर्वीसारखी एका दमात वर गेली.

गिअरबॉक्ससाठी पातळी तापमानावर पाहणाऱ्या दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो आणि समोर उभा राहिलो. पूर्वीच्या गॅरेजला तापमानाचा प्रश्न विचारला होता. बाटल्या मोजून भरले असे उत्तर मिळाले. ऑइल चौदा महिन्यांचे आणि स्वच्छ असल्यामुळे आधी फक्त पातळी पाहायचे ठरले. ३८ अंशांवर नट उघडला. एक थेंबसुद्धा पडला नाही. त्याच प्रतीचे ऑइल हळूहळू भरत गेलो, आणि जवळजवळ सातशे मिली आत गेल्यावर नळीच्या तोंडाशी पहिला थेंब लोंबकळला. त्यानंतर बेसिक सेटिंग केले. धक्का पहिल्या दिवशी निम्मा झाला आणि आठवड्याभरात गेला असेच म्हणावे लागेल. अगदी लक्ष देऊन बसलो तर कधीतरी पुसटसा जाणवतो.

दोन गोष्टी उरल्या आहेत. गरम इंजिन आयडलला असताना, गाडी न्यूट्रलमध्ये, खालून हलका खडखडाट येतो. आरपीएम हजारावर नेला की जातो. आणि कूलंटच्या टाकीतली पातळी महिन्याला बोटभर उतरते, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. यांची काळजी करावी का?

---

शिरोली_फिटर, कोल्हापूर

फार बरे वाटले. त्या मिस्त्रींनी तुम्हाला समोर उभे राहू दिले, हे विशेष. त्यांना सोडू नका.

खडखडाट बहुधा ड्युअल मास फ्लायव्हीलचा आहे. त्यात दोन चकत्यांच्या मध्ये स्प्रिंगा असतात आणि त्या इंजिनाचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू देत नाहीत. स्प्रिंगा सैल झाल्या की आयडलला त्या वाजतात. इंजिन बंद करतानाही शेवटी एक खणखणाट येतो का ते पाहा. तो नसेल आणि आवाज महिनोन्महिने तेवढाच राहत असेल तर गाडी चालवत राहा. मात्र त्याआधी इंजिनाला धरून ठेवणारी माउंटिंग तपासा, कारण ते स्वस्तात सुटते. बोनेट उघडे ठेवून कोणाला तरी ब्रेक घट्ट दाबून डी आणि आरमध्ये आलटून पालटून टाकायला सांगा; इंजिन दर वेळी उसळी मारत असेल तर खालचा पेंडुलम माउंट गेला आहे, आणि तुमचा उरलेला पुसटसा धक्काही कदाचित तिथलाच आहे. ड्राइव्ह शाफ्टचे (चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांचे) रबरी बूटही त्याच वेळी पाहून घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (त्या दांड्याचा सांधा), आणि सरळ रस्त्यावर जोर देताना पायाखाली थरथर आली तर आतला.

कूलंटकडे मात्र या महिन्यातच लक्ष द्या. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांचे एकत्र प्लॅस्टिकचे हाउसिंग इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेले असते. वर्षानुवर्षे तापून ते वाकते आणि सांध्यातून कूलंट झिरपते, पण गरम इंजिनावर ते तिथल्या तिथे सुकते, म्हणून जमिनीवर काही दिसत नाही. लहान आरसा आणि टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला पाहा. गुलाबी-पांढरा, मिठासारखा थर दिसला तर हाउसिंग बदला, आणि त्याच कामात पंपाचा छोटा पट्टाही. कूलिंग सिस्टीमवर दाब देऊन तपासणी करणारा हातपंप त्या मिस्त्रींकडे असेल. थंड इंजिनावर दाब देऊन अर्धा तास तसाच ठेवायला सांगा.

---

टॉर्क_रेंच, नाशिक

कूलंटबाबत शिरोलीकरांशी पूर्ण सहमत आहे. घाट चढताना हे इंजिन किती उष्णता टाकते हे ध्यानात घ्या. त्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या आतच ओतलेला आहे आणि त्याला थंड ठेवण्याचे काम याच कूलंटकडे आहे. तोपर्यंत टाकी किमान रेषेच्या वर ठेवा, आणि भरताना नळाचे पाणी न वापरता कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून वापरा.

इंजिन ऑइल कधी बदलता ते तुम्ही लिहिले नाही. पुस्तकात १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असले तरी टर्बो गाडीत, आपल्या उन्हाळ्यात आणि घाटांत, मी ८,००० ते १०,००० च्या पुढे जात नाही. व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२ ०० किंवा ५०४ ०० यांपैकी मान्यता डब्यावर छापलेली हवी. नुसते ५डब्ल्यू-३० लिहिलेले पुरत नाही. डिस्प्लेवर ऑइलचे तापमान दिसते, ते ८० च्या वर जाईपर्यंत टर्बोवर जोर देऊ नका. कूलंटचा काटा मध्यावर येतो तेव्हा ऑइल अजून बरेच थंड असते. आणि खंबाटकीच्या माथ्यावर चहासाठी थांबणार असाल तर शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर पाय हलका ठेवून न्या.

तो तडा गेलेला प्लग आणि बूट फेकू नका. चांगल्या उजेडात दोन्हींची छायाचित्रे काढून इथे लावा. अशी समोरासमोरची रेघ इतकी स्पष्ट सहसा पाहायला मिळत नाही.